कॅमेरा कोणाच्या बाजूला?

स्थलांतरितांवरचे बरेच माहितीपट एकाच वाटेने जातात. गाव सुटले, परमुलखात हाल झाले, वंशद्वेष सोसला आणि अखेर मुले शिकून मार्गी लागली. यात खोटे काही नसते, पण सारा समाज जणू एकाच नावेत बसला आहे असा समज त्यातून पक्का होतो. आनंद पटवर्धन आणि जिम मन्रो यांनी १९८१ मध्ये केलेला ‘अ टाइम टू राइझ’ हा माहितीपट तो समज मोडून काढतो. तो तसे करू शकला, कारण त्यामागे मजुरांची संघटना होती.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, फ्रेझर नदीच्या खोऱ्यात बेरी तोडणारे बरेचसे मजूर पंजाबी होते आणि त्यांत बायका व म्हातारी माणसे पुष्कळ. किमान वेतनासारखी कायद्याची संरक्षणे शेतमजुरांना तेव्हा लागू नव्हती. मजुरी ठरायची तोडलेल्या फळाच्या वजनावर. ठेकेदार आपल्या गाडीतून त्यांना शेतावर न्यायचा, मजुरीतून आपला वाटा कापून घ्यायचा आणि हिशेब पुष्कळदा हंगाम संपल्यावरच करायचा. हा ठेकेदारही बहुधा पंजाबीच असे. अशा माणसाविरुद्ध कॅमेऱ्यासमोर बोलणे म्हणजे उद्याच्या रोजगारावर पाणी सोडणे. एप्रिल १९८० मध्ये कॅनेडियन फार्मवर्कर्स युनियन उभी राहिली आणि एकेकट्याच्या तक्रारीला पाठबळ मिळाले. परक्या पाहुण्याला जे कोणी सांगितले नसते, ते युनियनच्या लढ्यासोबत राहिलेल्या कॅमेऱ्यापुढे आले.

लढ्याच्या बाजूने केलेला माहितीपट हा प्रचार असतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण ज्याच्या हाती गाडी, काम आणि हिशेबाची वही आहे, त्याला आणि मजुराला समान अंतरावर ठेवणे म्हणजे निःपक्षपात नव्हे. तपशील खरे असावेत आणि बाजू उघडपणे घेतलेली असावी, एवढी अट पुरे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गोऱ्यांच्या देशात घरातली भांडणे चव्हाट्यावर आणली, तर वंशद्वेष्ट्यांच्या हाती कोलीत मिळते. ही भीती खरी आहे. मात्र त्या युनियनचे कार्यकर्ते त्याच काळात वंशद्वेषाविरुद्धच्या आघाडीतही उतरले होते. दोन्ही लढे एकदम लढता येतात, हे त्यांनी करून दाखवले. गप्प राहिल्याने समाजाची अब्रू वाचत नाही, फक्त ठेकेदार सुरक्षित राहतो.

एकट्या माहितीपटाने कायदा बदलत नाही, हे मान्य. वजनावर मजुरी देण्याची पद्धत तिथे पुढेही टिकली. दुसरीकडे, त्या युनियनचे संस्थापक अध्यक्ष राज चौहान २०२० मध्ये त्याच प्रांताच्या विधिमंडळाचे सभापती झाले. संघटनेने घडवलेली माणसे एका हंगामापुरती नसतात. मुंबईत परतल्यावर पटवर्धनांनी ‘हमारा शहर’ या माहितीपटात झोपडपट्टीतल्या स्थलांतरितांचा हक्क मांडला, तोही असाच उघडपणे बाजू घेऊन. म्हणून परदेशातल्या आपल्या माणसांवर माहितीपट काढणाऱ्यांनी यशोगाथा शोधण्याआधी विचारावे की आपल्यातलाच कोण कोणाची मजुरी कापतो आहे. आणि तयार झालेला माहितीपट महोत्सवाइतक्याच आस्थेने त्या मजुरांच्या वस्तीत दाखवावा.