घोडेस्वार घडवितांना

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या विद्यार्थ्यांच्या सुटीच्या खेळांत एका नव्या खेळाची भर पडली आहे. त्यांत पट असलाच तर नांवाला असतो. कागद, पेन्सिल, फांसे आणि चारपांच सोबती एवढ्यावर खेळ चालतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलें पात्र घेऊन त्या प्रसंगांत वागतात, आणि धाडस साधलें कीं फसलें याचा निवाडा वीस पैलूंचा फांसा करितो. या जातीचा पहिला प्रसिद्ध खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकेंत १९७४ सालीं निघाला. हा निव्वळ पोरखेळ आहे काय, असें जे पालक विचारतील त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, आपलें मूल पात्र कसें घडवितें हें एकदां शेजारीं बसून पाहावें. शूर कोणास म्हणावें याविषयींची त्याची समजूत त्या कागदावर उघडी पडते.

सातारा व सांगली या मुलखांतल्या मुलांस घोडेस्वाराचें पात्र आवडावें यांत नवल नाहीं. आतां त्याची घडण पाहा. या खेळाच्या २०१४ सालच्या नियमपुस्तकांत पात्राचे सहा गुण आहेत: बल, चपळता, काटकपणा, बुद्धि, विवेक आणि प्रभाव. त्यांतील एका पद्धतीप्रमाणें प्रत्येक गुण ८ पासून सुरू होतो व तो वाढविण्यास २७ ची पुंजी मिळते. १४ चा अंक घेण्यास त्यांतून ७ खर्च होतात आणि १५ चा घेण्यास ९. उत्साही मुलगा काय करितो? बल, चपळता व काटकपणा यांस १५, १५, १५ देऊन सगळी पुंजी संपवितो आणि बाकीचे तिन्ही गुण ८ वरच ठेवितो. परंतु बुजलेल्या घोड्यास आवरणें, अवघड जागीं त्याच्याकडून उडी घेवविणें, हें कसब त्याच पुस्तकांत विवेकावर अवलंबून ठेविलें आहे! म्हणजे तरवार उत्तम, आणि घोडा मात्र ऐकेना. लढाऊ घोड्यास ४०० सुवर्णनाणीं लागतात हें प्रत्येकास पाठ असतें. रोजच्या दाण्यावैरणीस ५ ताम्रनाणीं लागतात, हेंही तेथें छापलेलें आहे, पण तें कोणी मांडीत नाहीं.

आमच्या मतें ही चूक खेळापुरती नाहीं. इतिहासही आपण असाच वाचतों. कृष्णाजी अनंत सभासद यांनीं १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरींत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पांच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, ही चढण परीक्षेकरितां पाठ होते. पण दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असे, हें ध्यानांत राहत नाहीं. एक पाणी पुरवी, दुसरा खुरांस नाल ठोकी. त्यांच्यावांचून पंचवीस तरवारी जागच्या जागीं राहिल्या असत्या. चिपळुणाजवळील छावणीस धाडलेल्या महाराजांच्या पत्रांत तर पावसाळा संपेपर्यंत दाणा व गवत पुरवून वापरण्याची ताकीद आहे. उंदरानें दिव्याची जळती वात ओढून नेली तर गंजी पेटतील आणि घोडे उपाशी मरतील, इथपर्यंत त्यांत विचार केला आहे.

सरनोबत प्रतापराव गुजर यांचें उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं नेसरीच्या खिंडींत ते सहा स्वारांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व सातही जण कामास आले. त्या सात वीरांपुढें आमचें मस्तक नम्र आहे. परंतु त्याच प्रतापरावांनीं १६७३ सालीं त्याच खानास सांगली जिल्ह्यांतील जतजवळच्या उमराणीस कोंडलें होतें, तें पाण्याची वाट अडवून. आणि खान शरण आला होता. नेसरी प्रत्येक मुलास ठाऊक आहे. उमराणी किती जणांस ठाऊक आहे? धैर्य दोन्हीं ठिकाणीं तेंच होतें. उमराणीस त्याच्या जोडीस जनावराची तहान ओळखणारा विवेक होता.

कोणी म्हणेल, खेळ हा मौजेकरितां. त्यांत वैरणीचा हिशेब कशास? आम्ही खतावणी लिहावयास सांगत नाहीं. पण मौजही त्यानेंच वाढते. साताऱ्याहून कऱ्हाडावरून सांगलीस निरोप न्यावयाचा आहे, वाट सुमारें १२० किलोमीटर, कृष्णाकांठ सोडला तर वैशाखांत गवत नाहीं, आणि घोड्याचा एक नाल निघाला आहे: येथें सूत्रधारास राक्षस आणावाच लागत नाहीं. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील ज्या घरांनीं २०१२-१३ च्या दुष्काळांत आपलीं जनावरें चाराछावणीस नेलीं, त्यांस वैरणीच्या पेंढीची किंमत शिकवावी लागत नाहीं. अशा घरच्या मुलामुलींनीं तें ज्ञान खेळाच्या कागदावरही आणावें, एवढीच आमची इच्छा.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, आमची सूचना ऐका. बल, चपळता व विवेक यांस प्रत्येकीं १४ द्या, काटकपणास १३, प्रभावास ९. पुंजी बरोबर २७ भरते. बुद्धि ८ वरच राहते, याचें आम्हां शिक्षकांस वाईट वाटतें, पण तें आम्ही सोसूं! मग ठरवा कीं, आपला स्वार बारगीर कीं शिलेदार. बारगिराचा घोडा सरकारचा असे. शिलेदाराचा स्वतःचा, आणि तो मेला तर घरची भाकरी गेली. एवढें ठरलें कीं कागदावर स्वाराच्या नांवाखालीं घोड्याचें नांव लिहा, आणि त्याखालीं त्याला पाणी कोण पाजतो त्याचें. तरवारीचें वर्णन त्यानंतर.