डाग नव्हता तो!

तुमच्याकडे दिवाळीची झाडलोट एव्हाना उरकली असेल. आमच्या नंदाखालला ही धामधूम नाताळच्या आधी येते. माळे रिकामे होतात, पितळेला चिंच लागते आणि घरातली पुरुषमाणसेही हातात फडके घेऊन मिरवतात. अशाच एका झाडलोटीत माझ्या हातून जे पाप घडले, ते आज कबूल करून टाकतो. निदान एखाद्या वाचकाचा हात वेळीच थांबेल.

मला जुन्या पात्यांचा नाद आहे. विळे, कोयते, अडकित्ते, गंजलेल्या सुऱ्या असा माझा संसार पडवीच्या भिंतीवर मांडलेला असतो. मामा वारले तेव्हा मामींनी फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हाती ठेवली. “तुझ्याच जातीची आहे ही. घेऊन जा.”

मामा बोटीवर आचारी होते. पूर्वेची वाट आमच्या वसईला जुनीच. इथे जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली थेट जपानात, नागासाकीला हुतात्मा झाले. मामा मात्र जावा बेटावरून एक कट्यार घेऊन सुखरूप परतले होते. तिला तिकडे ‘केरिस’ म्हणतात. आपल्या ‘किरीच’ ह्या शब्दाचे नाते कोशकार तिच्याशीच जोडतात. पाते नागमोडी, आणि त्याची वळणे नेहमी विषम. माझ्या केरिसला नऊ. समारंभात ती पाठीमागे कमरेला खोवतात. आमच्याकडे माडावर चढणारा गडीही कोयता मागेच अडकवतो, म्हणून मला ती पहिल्याच दिवशी घरची वाटली.

म्यान लाकडाचे होते. खाली लांब नळी आणि वर होडीसारखा आडवा भाग. फिकट पिवळसर लाकडावर मधोमध काळपट पट्टा. मुठीचे लाकूड भोवऱ्या-भोवऱ्यांचे. म्यानाच्या मागे कागदाची एक चिठ्ठी डकवलेली, तिच्यावर मामांच्या हातच्या, धुराने काळवंडलेल्या दोन ओळी.

नाताळ आठवड्यावर आला होता. मी ओल्या फडक्याने ती चिठ्ठी भिजवून खरवडून काढली. वाचायचे नंतर, असे म्हणत म्हणत तिचा लगदा झाला. मग पॉलिश कागद घेऊन त्या काळ्या पट्ट्यावर तुटून पडलो. तासभर घासले. होडीची पातळ, डौलदार कड बोथट झाली. पट्टा जागचा हलेना.

दाराची चौकट बसवायला आलेले आमचे सुतार बाजूला उभे राहून पाहत होते. त्यांनी थुंकीने अंगठा ओला केला, लाकडावर फिरवला आणि म्हणाले, “मास्तर, डाग असता तर केव्हाच गेला असता. हा लाकडाच्या आतून आलाय.” पात्याकडे वळलेला माझा हातही त्यांनीच धरला. “त्याला तरी सोडा!”

शहाणपण मागाहून, पुस्तकांतून आले. ते लाकूड ‘तिमोहो’चे. त्याच्यातल्या काळ्या नक्षीला ‘पेलेत’ म्हणतात आणि असा कमरपट्ट्यासारखा फिरलेला पेलेत, ‘केंदित’, फार मोलाचा मानतात. मूठ ‘केमुनिंग’ची, म्हणजे आपल्या परसातल्या कामिनीची! झाडाला इजा झाली की खोडावर कधी कधी गाठ धरते, आणि त्या गाठीत रेषा अशा गोल फिरतात. सरळ लाकूड टाकून जावाचा कारागीर मुद्दाम ही गाठ शोधतो. पाते घडवणारा ‘एम्पू’ वेगळा आणि म्यान करणारा ‘म्रांगी’ वेगळा. दोघांचाही मान मोठा. युनेस्कोने २००५ साली ह्या विद्येचा गौरव केला आणि २००८ मध्ये ती मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली.

पाते घासले असते तर आणखी एक घात झाला असता. लोखंडात निकेलयुक्त धातूचे पदर ठोकून बसवलेले असतात. सोमलाच्या जातीचे विषारी खनिज आणि लिंबाचा रस लावला की लोखंड काळे पडते, पदर रुपेरी राहतात आणि नक्षी उमटते. आपल्या खंडेनवमीसारखा तिकडे ‘सुरो’ महिन्यात शस्त्रे धुण्याचा विधी असतो. तो जाणत्या हातांनीच होतो.

पण कड गेल्याचे दुःख मला आता फारसे नाही. चिठ्ठी गेल्याचे आहे. जावाचा राजपुत्र दिपोनगोरो १८२५ ते १८३० डचांशी लढला. त्याची केरिस १८३१ साली हॉलंडच्या राजाकडे गेली. पुढे ती लायडनच्या संग्रहालयात सुरक्षित होती, पण कोणाची ते विसरले गेले. कागद जुळवून ओळख पटली, आणि २०२० साली ती मायदेशी परतली. म्हणजे कागद होते म्हणून! माझ्याकडचा एकुलता कागद मी धुऊन टाकला होता.

शेवटी मामींकडे गेलो, अपराध कबूल केला आणि विचारले, “मामा हिच्याबद्दल काही बोलायचे का?”

मामी जरा फणकाऱ्यानेच म्हणाल्या, “बोलायचे काय! ‘विकत घेतली’ म्हटलेलं खपायचं नाही. म्हणायचे, तुझ्याआधी हिच्याशी लगीन लागलंय माझं. पोराबाळांसमोर! मला मेलं कधी आवडलं नाही ते.”

मी चपापलो. जावात केरिसला किंमत नसते. तिच्यासाठी दिलेल्या पैशाला ‘मास काविन’ म्हणतात, म्हणजे वधूसाठी द्यायचे धन. मामा थट्टा करत नव्हते. ज्याने त्यांना ती दिली त्याचाच शब्द ते इतकी वर्षे पाळत होते. मी हे मामींना सांगितले. त्या हसल्या, मग बराच वेळ उंबऱ्याकडे पाहत बसल्या.

“अगोदर सांगायचं होतं ना त्यांनी,” एवढेच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी नवी चिठ्ठी लिहिली. मामांचे नाव, बोटीवरची नोकरी, मामींचे ते वाक्य, आणि कड कोणी बोथट केली तेही. ती म्यानाला डकवली नाही. शेजारी ठेवली आहे.

तेव्हा वाचकहो, ह्या दिवाळीत माळ्यावरून काही जुने खाली आले असेल तर फडके जरा बाजूला ठेवा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा. पितळ काय, पुढच्या वर्षीही घासता येईल.