उपग्रहाला केंदूरची बाजरी दिसते, केंदूरला उपग्रहाचा आकडा दिसत नाही

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २४ ठिकाणी गंभीर, १६ ठिकाणी मध्यम. पुणे जिल्ह्यातून शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदर हे पाच तालुके यादीत होते. यादीबरोबर सवलती आल्या: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, मुलांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीचे निकष शिथिल, गरज तिथं टँकर. म्हणजे यादीत नाव असणं-नसणं हा सरळ घरखर्चाचा प्रश्न आहे. आणि ते नाव लागायचं की नाही, यात आता उपग्रहाचाही हात असतो.

पैसेवारी अजूनही निघते, पण दुष्काळ तिच्यावर ठरत नाही. केंद्राची दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ मध्ये आली आणि पद्धत बदलली. आधी पाऊस बघतात: तूट किती, खंड किती आठवड्यांचा. त्यात तालुका अडकला तर पुढची चाळणी लागते. पेरणी किती झाली, जमिनीत ओल किती, धरणात आणि भूगर्भात पाणी किती, आणि उपग्रहाला पीक कसं दिसतंय. राज्यात हे आकडे ‘महामदत’ या संगणकीय प्रणालीतून काढले जातात. त्यानंतर तालुक्यातली दहा टक्के गावं चिठ्ठी काढल्यासारखी निवडून प्रत्यक्ष शेतात पाहणी होते. शिरूरसारख्या शंभरावर गावांच्या तालुक्यात ही दहा-बारा गावं झाली. केंदूर त्यात येईलच असं नाही.

उपग्रह पीक बघतो म्हणजे काय बघतो? हिरवं, रसरशीत पान सूर्याचा लाल प्रकाश पिऊन टाकतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. पान करपायला लागलं की हे गणित बिघडतं. उपग्रह दोन्ही प्रकाश मोजतो आणि त्यातून हिरवेपणाचा आकडा निघतो. त्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. मग मागच्या अनेक वर्षांत याच दिवसांत ही जमीन सगळ्यांत हिरवी किती होती आणि सगळ्यांत सुकी किती होती, याच्याशी यंदाचा आकडा लावून शंभरपैकी गुण देतात. ६० च्या वर गुण असतील तर ठीक, ४० च्या खाली गेले तर पीक अडचणीत.

पद्धत चांगली आहे. माणसाची आठवण आणि पुढाऱ्याचं वजन यापेक्षा आकडा कधीही बरा. अडचण सुरू होते ती हा आकडा किती मोठ्या तुकड्याचा आहे, इथून.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ५६ मीटरचा, साधारण ३१ गुंठे. आणि जगभर दुष्काळासाठी वापरतात त्या मोडिस या अमेरिकन यंत्राचा ठिपका २५० मीटरचा, म्हणजे पंधरा एकराहून थोडा जास्त. केंदूरच्या शिवारात पंधरा एकरांत काय काय येतं? कुणाची बाजरी, कुणाचा मूग, विहिरीच्या पाण्यावरचा घासाचा तुकडा, बांधावरची झाडं आणि ओढ्याच्या कडेची वेडी बाभूळ. वेडी बाभूळ दुष्काळातही हिरवीच असते. यंत्राला हिरवं ते हिरवं. बाजरी करपली आणि बाभूळ तरारली, तर ठिपका फार वाईट दिसत नाही.

याच्यापेक्षा मोठी गोष्ट तालुक्याच्या सरासरीची. शिरूर तालुका एकसारखा नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पूर्वेला न्हावरे, मांडवगण फराट्याकडं घोड आणि भीमेच्या पाण्यावर ऊस उभा असतो. तालुक्याच्या काही भागाला चासकमानच्या कालव्याचं पाणी मिळतं. पश्चिमेकडं केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाई हा पट्टा मात्र पावसाच्या भरवशावर. वेळ नदीवरचा थिटेवाडीचा बंधारा भरला तर आधार, नाहीतर उन्हाळ्याआधीच विहिरीचा तळ दिसायला लागतो. ऑगस्टमध्ये पाऊस महिनाभर दडी मारून बसला तरी ऊस वरून हिरवागार दिसतो. दोन्हीकडची सरासरी काढली की केंदूरचं करपणं उसाच्या सावलीत झाकलं जातं. २०२३ ला पावसानं सगळीकडंच पाठ फिरवली, म्हणून तालुका यादीत आला. ज्या वर्षी फक्त पश्चिम पट्टा होरपळेल, त्या वर्षी काय?

तालुका हे माप मोठं पडतं, हे सरकारलाही कळलेलं आहे. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, यादीबाहेरच्या तालुक्यांतल्या १०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. तिथं मंडळ हे माप धरलं, पण कसोटी फक्त पावसाची: सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी. एक गुंठा दिसू शकणारा उपग्रह डोक्यावरून जात असताना हिरवेपणाचा आकडा मंडळवार, गाववार का लावत नाहीत, हा प्रश्न केंदूरच्या ग्रामसभेनं विचारण्यासारखा आहे.

इथं कोकणातल्या मच्छीमारांचं उदाहरण बघण्याजोगं आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि त्यातल्या हिरव्या शेवाळकणांचं प्रमाण बघते. जिथं खाद्य, तिथं मासा. त्यावरून अमुक बंदरापासून कोणत्या दिशेला, किती किलोमीटरवर, किती खोलीवर मासळी मिळण्याची शक्यता आहे, हा सल्ला निघतो. तो मराठीतही मिळतो आणि होडी सुटायच्या आधी मिळतो. मासा सापडेलच याची हमी कुणी देत नाही, पण डिझेल कुठं जाळायचं हे ठरवायला मदत होते.

केंदूरच्या शेतकऱ्याकडं मात्र तीच उपग्रहाची माहिती निकाल म्हणून येते. हंगाम संपल्यावर, तालुक्याच्या नावानं, हो किंवा नाही एवढीच. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शिवाराचा कोणता भाग सुकायला लागला, थिटेवाडीच्या पाण्याचा फुगवटा मागच्या वर्षीपेक्षा किती आखडला, हे त्याच्या मोबाईलवर गावाच्या नावानं येत नाही. खरं तर सेंटिनेलची चित्रं दर पाच दिवसांनी निघतात आणि जगात कुणालाही फुकट बघता येतात. इस्रोचं ‘भुवन’ पोर्टल २००९ पासून आहे. गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोरानं किंवा शेतकरी कंपनीनं मनावर घेतलं तर बंधाऱ्याच्या पाण्याचा पसारा महिन्याच्या महिन्याला मोजता येईल. कांद्याची लागण किती एकरांवर करायची, हे ठरवताना असा आकडा हाताशी असलेला बरा.

दोन गोष्टी उपग्रहाला जमत नाहीत, त्याही ध्यानात ठेवाव्यात. साधा कॅमेरा ढगाआडचं बघू शकत नाही, आणि खरिपात ढग असतातच. त्यावर रडारचा उपाय आहे. ३० जुलै २०२५ ला नासा आणि इस्रोनं मिळून सोडलेला ‘निसार’ उपग्रह ढगांतून आरपार बघतो आणि दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो. दुसरी गोष्ट विहिरीची. विहिरीत किती पाणी उरलं, हे कुठल्याच उपग्रहाला गावाच्या पातळीवर दिसत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींवरच अवलंबून राहावं लागतं.

शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात आज एक हत्यार आहे, ते म्हणजे ई-पीक पाहणी. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ती सुरू आहे. बांधावर उभं राहून काढलेल्या फोटोबरोबर जागेची नोंद जाते. या गटात बाजरी आहे, बाभूळ नाही, हे सांगणारा तोच एक सरकारी पुरावा. बरेच जण घरी बसून उरकतात, नाहीतर सोडूनच देतात. पण बाजरी सप्टेंबरमध्ये काढली जाते आणि दुष्काळाची यादी ऑक्टोबर संपताना लागते. तोवर कुणी पाहणीला आलंच, तर त्याला रिकामं रान दिसणार. पीक कोणतं होतं आणि कशा अवस्थेत होतं, हे दाखवायला ऑगस्टमध्ये रानात उभं राहून काढलेला फोटो लागेल.