तुमच्यात काय करतात?

मैत्रिणींनो, आपल्या मराठीत एक प्रश्न फार सोयीचा आहे. ‘तुमच्यात काय करतात?’ तुमच्यात पुरणाला गूळ घालतात की साखर? तुमच्यात गौरी उभ्याच्या असतात की खड्याच्या? नव्या शेजारणीशी ओळख करून घ्यायची तर यापेक्षा बरा रस्ता नाही. एवढ्या एका प्रश्नावर आपण तिचं गाव, कुळाचार आणि जात सगळं काढून घेतो, आणि वर चहाही पितो.

हा प्रश्न ऐकला की पोटात गोळा येणारी एक बाई मला पौडला भेटली. बचत गटाच्या कार्यक्रमाला मी गेले होते. कार्यक्रम संपल्यावर ती थांबून राहिली, आणि मग एस.टी.च्या थांब्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. नाव छापायचं नाही या अटीवर तिनं जे सांगितलं, ते आज लिहिते आहे.

ती मूळची नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. घराणं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. आडनाव मात्र तुमच्याआमच्यासारखंच, त्यावरून काहीच कळत नाही. नवऱ्याला पिरंगुटच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून बिऱ्हाड मुळशीत आलं. पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी विचारलं, “काय गं, तुमच्यात कुंकू नाही लावत?” खोली नुकतीच मिळाली होती, डिपॉझिट भरलं होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, “लावतात की. गावाहून येताना टिकल्यांचं पाकीट राहिलं.”

त्या दिवसापासून टिकली लागली ती आठ वर्षं!

दर रविवारी ती प्रार्थनेला पुण्यात जायची. इमारतीत सांगायची, यांच्या मावशीकडे चालले, म्हातारी एकटी असते. पीएमपीची बस चांदणी चौकात आली की टिकली काढून पर्समधल्या छोट्या आरशावर चिकटवायची. परतीच्या बसमध्ये, भूगाव गेलं की पुन्हा कपाळावर. नाताळात चांदणी लागायची, पण आतल्या खोलीत, पडदे ओढून. करंज्या व्हायच्या, त्या शेजारी ‘दिवाळीच्या उरल्यात’ म्हणून जायच्या. डिसेंबरच्या शेवटी दिवाळीच्या करंज्या! शेजारणींना कळत नसेल असं मला तरी वाटत नाही. कळत असेलच, पण कोणी बोललं नसेल.

ती म्हणाली, “ताई, पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं, तर आजही त्याच्यावर प्रवचनं होतात. मी तर दर रविवारी जाता-येता नाकारत होते.”

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, टिकलीत एवढं काय? आपण नाही का ड्रेसला मॅचिंग लावत? खरं आहे. पण मोकळ्या कपाळाचा आपल्याकडे एकच अर्थ लावतात, आणि तो फार कठोर अर्थ आहे. नवरा जिवंत असलेल्या ख्रिस्ती बाईनं मोकळ्या कपाळानं गावात वावरायचं म्हणजे रोज दहा जणींच्या नजरा झेलायच्या. तिला लाज आपल्या देवाची नव्हती. वेगळं दिसण्याची होती. मात्र ही लाज रोज कपाळावर लावली की हळूहळू आत मुरते, आणि मग माणसाला ती देवाचीच वाटायला लागते.

ही लाज आली कुठून? थोडी आपल्या भाषेतूनच. ‘बाटणे’ हा शब्द बघा. धर्म बदललेल्या माणसाला आपण ‘बदललेला’ म्हटलं नाही, ‘बाटलेला’ म्हटलं. विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटलं, ही गोष्ट आपण लहानपणी हसत हसत ऐकली. ज्यांच्या पणज्यांबद्दल ती सांगितली जायची, ती मुलंही त्याच वर्गात बसलेली असत. पुण्यात १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या बड्या बड्या मंडळींपुढे चहा आला. कोणी प्यायलं, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशांनी नावं छापली आणि शहरात केवढं ग्रामण्य झालं! त्या मंडळींत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, आणि एक कप चहाच्या प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. जिथं रानड्यांना सुटका नव्हती, तिथं पिरंगुटच्या भाडेकरणीनं टिकली लावली तर तिला भित्री म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

दुसरं कारण कागदाचं आहे. नगर-सोलापूर भागातली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं मूळची गावकुसाबाहेरची. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित मात्र बाहेरच राहिला. गावाच्या लेखी जात गेली नाही, सरकारच्या लेखी गेली! त्यामुळे दाखल्यावर एक आणि देवघरात दुसरंच, असं चालणारी घरं आहेत. मुलांना घरात शिकवतात ते ‘खोटं बोलू नये’, आणि फॉर्म भरताना दार लावून घेतात. यातला कायद्याचा वाद मोठा आहे, तो इथं मिटणार नाही. पण लाज फक्त मनातून येत नाही, कधी कधी ती कारकुनाच्या खिडकीतूनही येते, एवढं लक्षात ठेवू या.

नगरच्या या बाईला मी विचारलं, “लक्ष्मीबाई टिळक वाचल्यात का?” ती हसली. “आमच्याकडे वाचावं लागत नाही, आजी तोंडी सांगायच्या.”

‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी वाचलं असेल. नसेल तर तालुक्याच्या वाचनालयातून आणाच. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कर्मठ घरात, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे जिवंत असून गेल्यासारखाच. लोक काय म्हणतील याची वाट बघावी लागली नाही. लोक म्हणतच होते. काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधारानं नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढं त्याच्याजवळ आल्या, तरी चूल वेगळी आणि सोवळं वेगळं. आपलं पाणी कोणाला शिवू द्यायचं नाही, कोणाच्या हातचं घ्यायचं नाही. मग विचार करता करता एक दिवस ते सोवळंच सुटलं. ही उच्चनीचता देवानं केलेली नाही, माणसांनी केली आहे, हे त्यांना आधी पटलं, आणि १९०० साली बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. नवऱ्यानं सांगितलं म्हणून बाई गेली नाही. पाच वर्षं भांडली, रडली, तपासून बघितलं आणि मगच गेली. आणि हे सगळं लिहिताना स्वतःच्या सोवळ्याचीच काय टिंगल केली आहे! टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुढं नेणारीही हीच बाई, जिला शाळा माहीत नव्हती. ज्या घटनेनं तिला तोंड लपवायला लावलं, तीच तिनं साऱ्या महाराष्ट्राला, काहीही न झाकता सांगितली.

पंडिता रमाबाईंची तऱ्हा निराळी. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इथं केवढी टीका झाली. १८९३ मध्ये शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या. बाई डगमगल्या नाहीत. पण मला त्यांची दुसरी बाजू जास्त आवडते. त्या गोऱ्या भगिनींपुढेही वाकल्या नाहीत. मांसाहार घेतला नाही. क्रुसावर अक्षरं हवीच असतील तर लॅटिन कशाला, माझ्या देशाची संस्कृत असू देत, असं त्यांनी बजावलं. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल केलं, ते १९२२ साली देह ठेवेपर्यंत. म्हणजे ख्रिस्ती झालं की आपलं सगळं टाकावं लागतं, ही समजूत रमाबाईंनी दोन्हीकडच्यांना खोटी पाडून दाखवली. ‘नारायण वामन टिळक’ म्हणायचे की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. आजही मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं टाळ-पेटीवर म्हणतात. आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विरोध करणारे निघाले, पण संमेलन झालंच ना!

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, मग कोणी रागावलं तरी चालेल. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवून आपला देव मोठा करणारे प्रचारक असतात, आणि त्यांच्यामुळे साध्या ख्रिस्ती बाईची मान खाली जाते. पौडच्या बाईनंही ते बोलून दाखवलं. पण त्याचं उत्तर तिनं का द्यायचं? आपल्या एखाद्या बुवानं काही केलं तर आपण देतो का?

आता माझी गोष्ट. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती शिक्षिका राहत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सगळ्या इमारतीला बोलावलं, त्यांना नाही. ‘त्यांच्यात चालत नसेल, उगीच अवघडतील,’ असं मीच ठरवून टाकलं. चांगुलपणानं बरं का! त्या दिवशी त्यांच्या बंद दारावरून बायका नटून-थटून माझ्याकडे आल्या. कुंकू नको म्हणाल्या असत्या तर तिळगूळ घेतला असता, गप्पा मारल्या असत्या. दोन वर्षांनी त्या बदलून गेल्या. निदान ‘तुमच्यात चालतं का?’ एवढं तरी विचारायचं होतं मी. तोच प्रश्न, पण उत्तर आधी ठरवून न ठेवता.

पिरंगुटला पुढं काय झालं ते ऐका. एका रविवारी परतीच्या बसमध्ये तिला झोप लागली. टिकली आरशावरच राहिली. जिन्यात घरमालकीणबाई भेटल्या, कपाळाकडे बघितलं आणि मटकन खालीच बसल्या. “अगं बाई! साहेबांना काय झालं?” साहेब मागून भाजीची पिशवी घेऊन येतच होते. म्हातारी त्यांच्याकडे बघते, हिच्याकडे बघते. चौथीतली मुलगी मध्येच म्हणाली, “आजी, आम्ही चर्चला गेलो होतो. आई बसमध्ये टिकली लावायची विसरली.”

तिथं आठ वर्षं संपली.

आजींनी काही दिवस बोलणं टाकलं. ख्रिस्ती म्हणून नाही. “आठ वर्षं माझ्या हातचं खाल्लंस आणि मला खोटं सांगितलंस,” याचा राग. तो रास्तच होता, आणि तो गेला तिनं जाऊन माफी मागितल्यावर. तळमजल्यावरच्या एका घराचं येणंजाणं मात्र बंद झालं, ते अजून बंदच आहे. त्या वर्षी नाताळात चांदणी गॅलरीत लागली. लावताना हात थरथरत होते म्हणे. तीन दिवस ती रस्त्यावरून येताना वर बघायची नाही. टिकली? आता मनाला आलं तर लावते, हळदीकुंकवाला गेली तर कुंकवाऐवजी फूल घेते.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस तिचे उपवास असतात. यंदा आजींनी जिन्यात गाठून विचारलं, “काय गं, तुमच्यात उपासाला साबुदाणा चालतो का?” तिनं सांगितलं, चालतो की. तेव्हापासून दर शुक्रवारी वरून खिचडीची वाटी येते, आणि आजींना दाण्याचं कूट सढळ लागतं, त्यामुळे ती काही तिला पचत नाही.