सत्तर तासांचे स्तोत्र

गेल्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची गोष्ट. पाटावर लक्ष्मीची तसबीर, पुढे नवी वही, लाह्या-बत्तासे, असा सगळा थाट मांडून झाला होता. हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत नोकरी करणारी माझी भाची निरांजन लावायला बसली आणि तिचा फोन वाजला. “मामा, दोनच मिनिटं हं!” म्हणून ती गॅलरीत गेली. परत आली तेव्हा एक तास चाळीस मिनिटे उलटली होती. आरती आटोपली होती, नैवेद्य निवला होता आणि पोरीच्या हाताला कंप सुटला होता. तिच्या साहेबाला कसलासा तक्ता त्याच रात्री हवा होता. पाडव्यानंतर चालला नसता काय? खुशाल चालला असता. परंतु तसे विचारण्याची सोय नव्हती.

जमलेल्या पाहुण्यांपैकी कुणी काही विचारण्याच्या आत मीच मोठ्या अभिमानाने म्हणालो, “कामाचं माणूस आहे हो आमचं!”

वाचकहो, मला आज त्या माझ्याच वाक्याविरुद्ध भांडायचे आहे. सणासुदीचे दिवस आहेत, हातात फराळाची बशी आहे. अशा वेळी भांडण उकरून काढणे बरे नव्हे, हे मला कळते. पण हे भांडण घराघरातले आहे, आणि सगळे घर एकत्र जमते ते याच चार दिवसांत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी देशातल्या तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये एका बड्या अभियांत्रिकी कंपनीच्या अध्यक्षांचे बोलणे बाहेर आले. त्यांनी बोली नव्वदावर नेली आणि घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ पाहत बसणार, अशी पृच्छा केली. हा प्रश्न त्यांनी आमच्या बायकांना विचारायला हवा होता. उत्तर रोखठोक मिळाले असते! मूर्तींच्या कर्तृत्वाविषयी मला आदर आहे. पण आदर निराळा आणि हिशेब निराळा. सत्तर तास सहा दिवसांत वाटले तर रोजचे ११ तास ४० मिनिटे होतात. त्यात जाण्यायेण्याचे दोन-तीन तास मिळवा. उरलेल्या वेळात माणसाने जेवायचे, झोपायचे, आईला डॉक्टरकडे न्यायचे आणि मुलाचा पाढाही ऐकायचा!

बरे, एवढे करून काम तरी दुप्पट होते काय? पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतून कामगार आठवड्याला सत्तर-सत्तर तास राबत होते. देश संकटात होता आणि राबणाऱ्यांच्या देशभक्तीविषयी कुणाला शंका नव्हती. सरकारने १९१५ साली समिती नेमली आणि माणसामागे किती माल तयार होतो याची मोजदाद झाली. तेच जुने आकडे जॉन पेनकॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ साली पुन्हा तपासले. आढळले ते असे, की पन्नासाच्या आसपास तास गेले की पुढच्या प्रत्येक तासाचे पीक घटत जाते, आणि सत्तर तासांत निघणारा माल छप्पन्न तासांत निघणाऱ्या मालाहून जवळजवळ जास्त नसतो. वरचे चौदा तास गेले कुठे? थकव्यात, चुकांत आणि चुका निस्तरण्यात. सत्तर तासांचे स्तोत्र म्हणणाऱ्यांनी या चौदा तासांचा जमाखर्च आधी मांडावा.

आणि हे स्तोत्र महाराष्ट्रात तरी म्हणायला आपली जीभ कशी वळते? रविवारची सुट्टी आपल्याला पंचांगाने दिलेली नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांच्या मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम आणि मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. गिरण्यांना रविवार लाभला तो १० जून १८९० रोजी. म्हणजे एका रविवारासाठी सहा वर्षे झगडावे लागले. आणि आपण तो खिशातल्या यंत्रावर उमटलेल्या एका निरोपासरशी परत करतो! सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापनांतील रोजच्या कामाची मर्यादा नवावरून दहा तासांवर आणि कारखान्यांतील बारा तासांपर्यंत नेण्याच्या बदलांना मंजुरी दिली. लोखंड्यांच्या महाराष्ट्रात घड्याळाचे काटे हे असे उलटे फिरतात.

पण नुसत्या तासांवर बोट ठेवून मी थांबलो तर ते अर्धेच सत्य होईल. काम पुष्कळ असते म्हणूनच माणूस मोडतो असे नाही. विलायतेतल्या सरकारी कचेऱ्यांतील सुमारे १८,००० पुरुष नोकरांची पाहणी १९६७ पासून झाली. आपली समजूत अशी, की हृदयविकार हा साहेबांचा रोग. जबाबदारीचे ओझे त्यांच्या डोक्यावर. आढळले नेमके उलट. तळच्या पायरीवरच्या नोकरांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघाले, आणि विडी-सिगारेटचा हिशेब करूनही सगळा फरक उलगडेना. १९८५ पासून मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरी पाहणी झाली, तीत स्त्रियाही होत्या. तिच्यातून एक सूत्र हाती आले: आपल्या कामात आपला शब्द चालत नाही, ही स्थिती काळजाला पोखरते. काम कसे करावे, केव्हा करावे, कोणते आधी करावे, यातले काहीच ज्याच्या हाती नाही त्याचे रक्त आटते.

हे मला पुस्तकातून कळायला नको होते, कारण मी स्वतः साहेब होतो. एका बँकेच्या शाखेचा व्यवस्थापक. संगणक यायचे होते. खात्यांचे लेजर हाताने लिहीत. माझा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जाई आणि मला त्याचा अभिमान होता. एका सहामाहीला बचत खात्यांची तेरीज जुळेना. फरक ९०० रुपयांचा. नवाने भाग जातो म्हणजे आकड्यांची उलटापालट, हे जुन्या कारकुनांना सांगावे लागत नाही. पण दीड हजार खात्यांतून ती कुठे शोधायची? अकरा दिवस सगळी शाखा रात्री दहापर्यंत बसली. बाराव्या दिवशी आमचे एक लेजर-कारकून ते जाडजूड पुस्तक छातीशी धरून माझ्या केबिनमध्ये आले. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले गेले होते. चूक त्यांचीच होती, आणि ती त्यांना तिसऱ्याच दिवशी सापडली होती! परंतु लेजरमधली खाडाखोड अधिकाऱ्याच्या सहीशिवाय होत नाही, आणि सहीसाठी माझ्यासमोर यावे लागले असते. “तिसऱ्या दिवशीच का नाही आलात?” मी गरजलो. खाली मान घालून ते म्हणाले, “साहेब, तुमची भीती वाटली.”

दहा माणसांच्या आठ-नऊ रात्री माझ्या आवाजाने खाल्ल्या. धाकाने काम चोख होते म्हणतात. खोटे आहे. धाकाने चुका कमी होत नाहीत, त्या फक्त दडतात; आणि दडलेली चूक उघड्या चुकीपेक्षा केव्हाही महाग पडते. ते गृहस्थ पुढे तीन महिने आजारी रजेवर गेले. झोप उडाली होती, आकडे पाहिले की हात थरथरत. आम्ही आपसांत म्हणालो, “याचं डोकं फिरलं.” आणि वर्षाअखेर त्यांच्या गोपनीय अहवालात मी स्वच्छ अक्षरांत लिहिले, ‘कार्यक्षमता असमाधानकारक.’ गॅलरीतून आत आलेल्या भाचीचे हात मी पाहिले, तेव्हा मला ते हात आठवले.

आता कचेऱ्या सुधारल्या आहेत म्हणे. वर्षातून एकदा योगाचा वर्ग भरतो, ताणतणावावर व्याख्यान होते, समुपदेशकाचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर चिकटवलेला असतो. यांतले काहीही वाईट नाही. मन दुखणाऱ्याने वैद्याकडे जावे, त्यात लाज कसली? पण दिवसभर ढुशा द्यायच्या आणि संध्याकाळी हळदीचा लेप पुढे करायचा, याला उपचार म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामातून येणाऱ्या या करपलेपणाची व्याख्या केली, तीत मूळ कारण म्हणून कामाच्या जागेवरच्या न आवरलेल्या दीर्घ ताणाकडेच बोट दाखवले आहे. याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ साली मिळून सांगितले, की आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. तेव्हा दीर्घ श्वास कारकुनाने घ्यावा हे ठीक. पण कामाची वाटणी साहेबाने बदलावी, हे त्याआधीचे.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला कुठे रविवार असतो? घरातल्या बाईला कुठे असतो? आक्षेप रास्त आहे. पहाटे चारला उठून चकल्या तळणाऱ्या माउलीला सुट्टी नाही, आणि त्याच लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या दाराशी मिठाईचा डबा आणून देणाऱ्या पोरालाही नव्हती. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? त्यांना विसावा मिळत नाही म्हणून कुणालाच मिळू नये, की त्यांनाही मिळावा? लोखंड्यांनी दुसरा निष्कर्ष काढला. मीही तोच काढतो.

फ्रान्समध्ये २०१७ पासून, कामाची वेळ संपल्यावर फोनपासून मोकळे राहण्याचा हक्क कायद्याने मानला आहे. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले. तेव्हा त्याचा कायदा झाला नाही. कायदा व्हायला हवाच. पण तोवर आपले हात कुणी बांधलेले नाहीत. तुमच्यापैकी जे साहेब असतील त्यांनी या चार दिवसांत हाताखालच्या माणसाला फोन करू नये, आणि कुणी स्वतःची चूक घेऊन आला तर आधी त्याला बसायला खुर्ची द्यावी. आणि जे घरचे वडीलधारे असतील त्यांनी, पोर आरती सोडून उठले तर, माझ्यासारखी फुशारकी मारू नये. “कोण आहे तो? उद्या सांग म्हणावं त्याला,” एवढे तरी म्हणावे. पोराला ते साहेबाला सांगता येणार नाही कदाचित. पण घर आपल्या बाजूला आहे हे तरी त्याला कळेल.

तो गोपनीय अहवाल आज कुठल्या दप्तरात पडला असेल, देव जाणे. त्यातली ती ओळ मला खोडता येत नाही. पण खाडाखोडीवर अधिकाऱ्याची सही लागते हा नियम मी आयुष्यभर पाळला आहे. तेव्हा इतक्या वर्षांनी ही माझी सही: असमाधानकारक होता तो साहेब.