नकोसे पियानो, अडगळीतले ऑर्गन आणि 'नवे घर' म्हणजे नेमके काय?

थ्रेड. 'पियानो फुकट मिळेल, वाहून नेण्याचा खर्च तुमचा' अशा आशयाच्या जाहिराती अमेरिका-युरोपात आज सर्रास आढळतात, आणि तरीही पुष्कळदा घेणारा मिळत नाही. एकट्या अमेरिकेत १९०९ साली साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. त्या पिढीच्या वाद्यांनी आता शंभरी ओलांडली आहे. वाजवणारे गेले, घरे लहान झाली, आणि नातवंडांच्या वाट्याला तीन-चारशे किलोंचा ग्रँड पियानो तेवढा उरला.

हा प्रश्न आपल्याला परका वाटेल. पण याच वाद्याचे एक भावंड आपल्या संगीत रंगभूमीवर नांदले आणि आज अडगळीत पडले आहे : पायाने भाता चालवून वाजवायचा ऑर्गन.

वाद्य नकोसे होणे ही मुळात नवी गोष्ट नव्हे. १९०४ मध्ये अटलांटिक सिटी येथे पियानो कारखानदारांनी जुन्या चौकोनी पियानोंची जाहीर होळी केली होती. ग्राहकाने जुने टाकून नवे घ्यावे, एवढाच त्यामागचा हेतू!

ऑर्गनचीही तीच गत झाली. व्हरमाँटमधील ब्रॅटलबरो या लहानशा गावातल्या एस्टी कंपनीने पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले. एकोणिसाव्या शतकात ते अमेरिकी दिवाणखान्याचे भूषण होते. पुढे पियानो स्वस्त झाला, मग ग्रामोफोन आला, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच ऑर्गन जुनाट ठरू लागला. नेमक्या याच सुमारास, १९१३ मध्ये, बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे तिच्या वैभवकाळात ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान तिरखवाँ अशी साथ रंगमंचासमोर बसू लागली. अमेरिकेत जे उतरणीला लागले होते, ते येथे चढणीला लागले.

हे कसे घडले? दारात आले म्हणून आपण ते ठेवून घेतले, असे नाही. त्याला येथे काम होते. हातपेटीत एक हात भात्यात अडकतो; ऑर्गनचा भाता पायाखाली असल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. पेटी हवा बाहेर ढकलते, तर अमेरिकी ऑर्गन ती सुरांच्या पितळी पट्ट्यांमधून आत ओढतो, म्हणून त्याचा सूर मऊ आणि भरीव लागतो. ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात गायक नटाला असा आधार हवाच होता. पट्ट्यांचे हे वाद्य आपण इतके आपलेसे केले की आजही गायक आपला स्वर 'काळी चार' किंवा 'पांढरी पाच' असाच सांगतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दार बंद केले, तरी रंगभूमी आणि भजनी मंडळे तिच्यावाचून राहिली नाहीत.

१९३२ नंतर मराठी बोलपट आले, नाटक कंपन्या मोडल्या, आणि ऑर्गन वाड्यांच्या माळ्यांवर गेले. पुढे गोविंदराव पटवर्धनांसारख्या वादकांनी ते वाद्य बोलते ठेवले, पण अशी माणसे थोडी.

म्हणून माझे मत असे की हॉटेलच्या दर्शनी दालनात किंवा मंगल कार्यालयात फुलदाणी ठेवायला उभे केलेले वाद्य बेघरच समजावे. संग्रहालयाच्या काचेविषयीही मी फारशी उत्साही नाही. घर म्हणजे जिथे वाजवणारा, दुरुस्त करणारा आणि नित्याचे निमित्त ही तिन्ही असतात. मराठवाड्यात जुनी पेटी क्वचितच भंगारात जाते. ती एखाद्या देवळातल्या भजनी मंडळाकडे जाते, भाता बदलला जातो, आणि पुढच्या एकादशीला ती पुन्हा वाजते. याला कोणी 'वारसा संवर्धन' म्हणत नाही, पण मला तरी याहून चांगला नमुना ठाऊक नाही.

मी बजाजनगरात राहते. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही कामगारवस्ती वाढली. येथल्या दोन खोल्यांच्या घरात, अरुंद जिन्यावरून, ग्रँड पियानो चढवणे अशक्यच. शिवाय त्याच्या सव्वादोनशेच्या आसपास तारांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांपर्यंत जातो. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसले, खुंट्या सैल झाल्या की दुरुस्ती वाद्याच्या किमतीहून महाग पडते. अशा पियानोला 'कोणीतरी घेईल' म्हणत वर्षानुवर्षे सडवण्यापेक्षा त्याचे सुटे भाग दुसऱ्या पियानोच्या कामी येऊ द्यावेत. ऑर्गनचे तसे नाही. त्याच्या पितळी पट्ट्या दीर्घकाळ टिकतात. खराब होते ते बहुधा कापड, चामडे आणि नमदा, आणि ते बदलता येते. दोन माणसे तो उचलू शकतात. वस्तीतल्या एखाद्या सभागृहात किंवा शहरातल्या नाट्यप्रशिक्षणाच्या वर्गात त्याला जागाही मिळू शकते, आणि संगीत नाटक शिकणाऱ्या मुलांना त्याचे खरे काम आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. वाद्य हा दस्तऐवज असतो. एस्टीच्या ऑर्गनवर अनुक्रमांक असतो आणि त्यावरून बनावटीचा अंदाजे काळ काढता येतो. दुरुस्तीत पॉलिश मारताना जुन्या चिठ्ठ्या, पाट्या, मालकांची नावे हमखास पुसली जातात. तेव्हा हात लावण्यापूर्वी छायाचित्रे घ्या. पट्ट्या हस्तिदंती असतील तर विक्रीच्या फंदात पडू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या व्यापारावर बंदी आहे, आधी वनखात्याकडे चौकशी करावी.

तुमच्या गावातल्या देवळात, चर्चमध्ये, शाळेत किंवा वाड्यात असा ऑर्गन वा पियानो असेल, तर कंपनीचे नाव, क्रमांक आणि तो तेथे कसा आला याची ऐकीव हकिगत या थ्रेडखाली लिहा. मालकाची परवानगी मात्र आधी घ्या, आणि वाजतो की नाही, तेही सांगा.