संकेतस्थळ, निविदा आणि पंचेचाळीस दिवस

सरकारी कार्यालय टेबल-खुर्च्या ज्या पद्धतीने विकत घेते, त्याच पद्धतीने संकेतस्थळही विकत घेते. निविदा निघते, सर्वांत कमी दर भरणाऱ्यास कार्यादेश मिळतो, काम झाल्यावर देयक सादर होते आणि ते यथावकाश मंजूर होते. टेबलाच्या बाबतीत ही पद्धत बऱ्यापैकी चालते, कारण टेबल आले की ते मोजून घेता येते. संकेतस्थळ पूर्ण झाले असे केव्हा म्हणायचे, हे मात्र कोणी ठरवून ठेवलेले नसते. ग्राफिक डिझाइन व वेब-निर्मितीच्या लहान संस्था सरकारी कामात बुडतात त्या बहुधा या एका अनुत्तरित प्रश्नापायी, असे माझे मत आहे. त्यांच्यासोबत नागरिकांची सोयही बुडते.

हा विषय लखनौच्या संदर्भात मांडण्यास कारण आहे. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली, उठावाची राख पुरती थंडही झाली नव्हती तेव्हा, येथे छापखाना काढला. अरबी, फार्सी, उर्दू, हिंदी, संस्कृत अशा अनेक भाषांतील ग्रंथ तेथून निघाले. उभारणीच्या काळात त्याला सरकारी छपाईच्या कामाचा मोठा आधार होता. शिळाप्रेससाठी लागणारा मजकूर कातिब हाताने लिहीत. म्हणजे सुलेखन, पानाची मांडणी व छपाई ही सारी कामे एकाच व्यवसायात सामावलेली. आजच्या भाषेत ती डिझाइन संस्थाच म्हणावी लागेल. सरकार हे चांगले गिऱ्हाईक होऊ शकते, याचा दाखला अशा रीतीने याच शहरात आहे. फरक इतकाच की छपाईचे काम मोजता येत असे: इतकी पाने, इतक्या प्रती, इतके रुपये.

आता गोमतीनगर किंवा अलीगंजमधील सहा-आठ माणसांची एखादी संस्था डोळ्यांसमोर आणावी. दोन डिझाइनर, तीन प्रोग्रामर, एक हिशेबनीस आणि स्वतः मालक. कच्चा माल नाही, गोदाम नाही. खर्च म्हणजे मुख्यतः पगार, आणि तो दरमहा द्यावाच लागतो. मंजुरी तीन महिने लांबली तर या माणसांचे तीन महिन्यांचे पगार मालकाच्या खिशातून जातात. कार्यालयाच्या दृष्टीने मात्र ती केवळ एक प्रलंबित नस्ती असते.

मंजुरी लांबण्याचे पहिले कारण म्हणजे मजकूर. संकेतस्थळाचा सांगाडा तयार होतो, पण त्यात घालायचा मजकूर शाखांकडून येत नाही. आला तर कृतिदेव टंकात येतो. या जुन्या पद्धतीच्या टंकात देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो टंक नसलेल्या संगणकावर मजकुराची निरर्थक रोमन जुळणी दिसते आणि शोधयंत्रालाही तो सापडत नाही. विंडोजसोबत येणारा ‘मंगल’ हा युनिकोड टंक रघुनाथ कृष्ण जोशी या मराठी सुलेखनकाराने घडवला, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. तरीही जुने दस्तऐवज युनिकोडमध्ये बदलणे, त्यातल्या चुका निस्तरणे, हे काम कोणत्याही कार्यादेशात लिहिलेले नसते. ते संस्थेने फुकट करावे, असे गृहीत धरले जाते.

दुसरे कारण बदली. मुखपृष्ठ एका अधिकाऱ्याने पसंत केलेले असते. त्याच्या जागी आलेल्याला रंग आवडत नाही. कार्यादेशात ‘समाधानकारक काम’ असे शब्द असतात, समाधान कोणाचे हे नसते.

कायदा येथे दुबळा नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे काम स्वीकारल्यापासून कमाल ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात याहून लांब मुदत लिहिता येत नाही. काम हाती आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते त्याच दिवशी स्वीकारले असे मानले जाते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. ही बंधने सरकारी खात्यालाही लागू आहेत. पण व्याजाची नोटीस देणाऱ्या संस्थेला पुढच्या निविदेची भीती असते, म्हणून हे कलम सहसा पुस्तकातच राहते. खासगी ग्राहकासाठी २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आणखी एक तरतूद आली: सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर त्या खर्चाची प्राप्तिकरातील वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत लांबते. सरकारी खाते प्राप्तिकर भरत नाही. त्यामुळे हा चाबूक त्याला लागत नाही.

आता किमतीविषयी. लखनौच्या चिकनकामात आधी लाकडी ठशाने कापडावर नक्षी छापतात, मग तिच्यावर कशिदा भरतात आणि शेवटच्या धुण्यात छापलेली नक्षी निघून जाते. दिसतो तो फक्त टाका. पण ठसा वेडावाकडा पडला, तर कितीही नाजूक टाका ते कापड सावरू शकत नाही. संकेतस्थळाची आखणी ही तशीच न दिसणारी नक्षी होय. विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज भरू पाहणारी बाई स्वस्त मोबाइलवर काय शोधेल, किती वेळा बोट टेकवेल, अंध नागरिकाचा वाचकयंत्रणेवर निभाव लागेल का, हे सारे त्या आखणीत ठरते. सर्वांत कमी दराच्या स्पर्धेत पहिली काट याच कामाला लागते. मग तयार साचा आणून त्यावर विभागाचे बोधचिन्ह चिकटवले जाते. केंद्र सरकारने संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्येच दिली होती, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. ती पाळायची तर वेळ लागतो आणि वेळेला पैसे पडतात.

यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप मला ठाऊक आहे. जनतेच्या पैशाचा हिशेब दाखवावा लागतो, आणि कमी दर हा सर्वांत सोपा पुरावा असतो. शिवाय सर्वच संस्था निर्दोष नसतात; साचा विकत घेऊन नवनिर्मिती म्हणून खपवणाऱ्या आणि देयकासाठी संकेतस्थळाची किल्ली अडवून धरणाऱ्याही आहेत. परंतु या दोन्ही दुखण्यांवर उपाय एकच, तो म्हणजे कामाचे टप्पे. आराखडा, मुखपृष्ठ, मजकुरासह चाचणी, हस्तांतर असे चार टप्पे कार्यादेशात लिहावेत. प्रत्येक टप्प्याला पदनामासह एक मंजुरी अधिकारी नेमावा, म्हणजे बदली झाली तरी मंजुरी पदाची राहील. बदलांच्या फेऱ्यांची संख्या आधी ठरवावी आणि पुढील फेरीचा दर लिहून ठेवावा. मजकूर युनिकोडमध्ये तयार झाल्याखेरीज निविदाच काढू नये. नाव-नोंदणी विभागाच्या नावे असावी आणि तीन वर्षांच्या देखभालीची तरतूद मूळ मंजुरीतच असावी. टप्प्यांची नोंद हा लेखापरीक्षकापुढे किमान दराहून अधिक भक्कम पुरावा ठरेल.

परप्रांतात राहून हा व्यवसाय करणाऱ्या मराठी तरुणांना सांगण्यासारखे थोडेच आहे. उद्यम नोंदणी आधी करा. प्रत्येक टप्पा सुपूर्द करताना दिनांकासह पोच घ्या, कारण ते १५ दिवस त्या पोचेपासूनच मोजले जातात. संस्थेचे सारे पगार एकाच विभागाच्या देयकावर अवलंबून ठेवू नका.

आणि आम्हा कार्यालयात बसणाऱ्यांसाठी एवढेच: देयकावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारण्यापूर्वी त्यावरील दिनांक पाहावा. पंचेचाळिसावा दिवस उलटला असेल, तर चर्चेची वेळ गेली. आता पैसे द्यायचे आहेत.